सोळा मात्रांचा जमाखर्च

मकरपुरा म्हटले की जुन्या बडोदेकराला अजूनही राजवाडाच आठवतो. खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास बांधविलेला आणि पुढे सयाजीराव महाराजांनी रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाकडून वाढवून घेतलेला तो इटालियन धाटणीचा वाडा, त्याच्या भोवतीची बाग आणि शहरातून तेथवर जाणारा तो लांबलचक रस्ता. वाडा आता वायुदलाकडे आहे आणि शहर त्याला ओलांडून कितीतरी पुढे गेले आहे. आजच्या तरुणाला मकरपुरा म्हणजे औद्योगिक वसाहत, बसचा थांबा, भाड्याच्या खोल्या आणि खानावळी. याच मकरपुऱ्यात एका सोसायटीच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी मी गाणे शिकवितो. आणि गेली काही वर्षे त्यांपैकी एका संध्याकाळी, गाण्याचा तास आटोपल्यावर, त्याच सतरंजीवर पैशाचा खेळ मांडला जातो. गाण्याच्या मास्तराने पैशाच्या वाटेला कशाला जावे, असे पुष्कळांना वाटेल. त्याचीच ही हकिकत.

माझ्या वर्गात बहुतेक मुले कॉलेजातली. काही दांडिया बाजार, रावपुरा, बाजवाडा येथील जुन्या घराण्यांतली. त्यांच्या पणजोबांनी संस्थानची नोकरी केलेली. काही खानदेशातून आणि नाशिककडून वडिलांबरोबर आलेली. वडील कारखान्यात, मुलगा वाणिज्य शाखेत किंवा इंजिनिअरिंगला. काही तर एकटीच खोली घेऊन राहणारी. सुरांपुढे सगळी सारखीच. तथापि महिनाअखेर आली की फरक दिसू लागे. कोणी बसऐवजी पायी येई, कोणी येतच नसे.

त्यांत एक मुलगा होता. आवाज बुलंद, लयीला पक्का. तो एकाएकी यायचा बंद झाला. दोन महिन्यांनी कळले की त्याने हप्त्यावर मोबाइल घेतला होता, हप्ता चुकला म्हणून मोबाइलवरूनच कोणा सावकाराकडून झटपट कर्ज काढले होते आणि ते फेडण्यासाठी परीक्षेच्या शुल्काला हात घातला होता. त्याचा परीक्षेचा अर्ज भरलाच गेला नाही, वर्ष गेले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हा मुलगा वाणिज्य शाखेचा होता. ताळेबंद कसा मांडावा, घसारा कसा काढावा, हे त्याने उत्तरपत्रिकेत लिहून चांगले गुण मिळविले होते. त्याला हिशेब येत नव्हता असे नाही. स्वतःच्या खिशाचा हिशेब मांडायला त्याला कोणी बसविले नव्हते, इतकेच.

आणि कोण बसविणार? आपल्या घरांतून पैशाविषयी बोलणे हे थोडे हलकेपणाचेच समजतात. मुलगा वीस वर्षांचा झाला तरी बाबांचा पगार किती, घरावर कर्ज आहे की नाही, ताईच्या लग्नात किती खर्च झाला, हे त्याला ठाऊक नसते. "तू अभ्यास कर, ते आम्ही बघू" हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो. पण या प्रेमाची किंमत मुलगा पुढे कधीतरी व्याजासह मोजतो.

मी ज्या घरात वाढलो तेथे तर हा अबोला दुप्पट होता. माझे वडील राजवाड्याच्या कलावंतांच्या अगदी शेवटच्या पिढीतले. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते लहान होते, पण आजोबांच्या मागे बसून सारंगी धरीत. नंतरही सणासमारंभाला राजवाड्यातून बोलावणे येई. १९७१ मध्ये राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले आणि हळूहळू बोलावणीही विरळ झाली. वडिलांनी बिदागी कधी मोजून घेतली नाही. पाकीट जसेच्या तसे आईच्या हाती देत. मोजणे त्यांना कमीपणाचे वाटे. मोजण्याचे काम आईने केले. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ती रोजचा खर्च लिही, आणि महिना संपला की ते पान फाडून तांदळाच्या डब्याखाली ठेवी. आमची शिक्षणे झाली ती त्या डब्याखालच्या पानांवर. सारंगीचे कौतुक साऱ्या गावाने केले. त्या पानांचे कोणी केले नाही.

वास्तविक कलेचा आणि हिशेबाचा असा दुरावा बडोद्यात मुळीच नव्हता. संस्थानात कलावंतांचे स्वतंत्र खाते होते आणि त्याचे छापील नियम होते. हजेरी, रजा, पगार, दंड, सगळे लिहिलेले. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली तीही पद्धतशीर शिक्षणक्रम आखून. हे सारे ज्या राजाच्या काळी घडले, त्याचे स्वतःचे शिक्षण पाहिले तर माझ्या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण घरातच सापडते.

कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव १८७५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला. अक्षरओळखही नसलेला हा मुलगा ज्या खजिन्याचा धनी झाला त्याची अवस्था मोठी विचित्र होती. खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करविला होता. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या होत्या. आणि राज्याची तिजोरी मात्र पार खिळखिळी झाली होती. दिवाण सर टी. माधवराव यांनी एका हाताने ती तिजोरी सावरली आणि दुसऱ्या हाताने मुलाला घडविले. १८८१ च्या अखेरीस महाराजांकडे पूर्ण अधिकार यायचे होते. त्याआधी माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्यानमाला दिली; पुढे ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. राजाने स्वतःच्या वाड्याचा खर्च मर्यादेत ठेवावा, राज्याचा पैसा तो आपला खासगी पैसा समजू नये, हा त्या शिकवणुकीचा एक मोठा धागा आहे. अठरा वर्षांच्या तरुणाला, ज्याला 'नाही' म्हणायची कोणाची छाती नव्हती, स्वतःलाच 'नाही' म्हणायला शिकविणे, हे ते शिक्षण होते. त्याचे फळ आपण जाणतोच. ज्या गावात सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या, त्याच गावात मांडवीला २० जुलै १९०८ रोजी दहा लाख रुपयांच्या वसूल भांडवलावर बँक ऑफ बडोदा उभी राहिली. आणि १९१३ पासूनच्या चारपाच वर्षांत हिंदुस्थानातल्या कित्येक बँका बुडाल्या तेव्हाही ती टिकली.

त्याच १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कला गेला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते दिवस म्हणजे ठराविक रकमेत महिना बसविणाऱ्या विद्यार्थ्याचे दिवस. खाण्यापिण्यात काटकसर आणि ग्रंथखरेदीत उदारपणा, हा त्यांचा जमाखर्च प्रसिद्ध आहे. याच विद्यार्थ्याने दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. बडोद्यात परतल्यावर १९१७ मध्ये त्यांच्या वाट्याला जे आले ते या शहराला लाज वाटावी असेच होते, आणि तेही मुलांना सांगितले पाहिजे. मी सांगतो. त्या साडेअकरा पौंडांची गोष्ट ऐकली की खोली घेऊन राहणारी मुले ताठ बसतात. आपल्यासारखाच कोणीतरी महिनाअखेर बोटे मोजीत बसला होता, हे त्यांना आधार देते.

पण गोष्टीने सवय लागत नाही. ताल जसा व्याख्यानाने येत नाही तसाच हिशेबही येत नाही. तीनताल सोळा मात्रांचा, चार विभागांचा, पहिल्या मात्रेवर सम आणि नवव्या मात्रेवर खाली, हे पाच मिनिटांत सांगून होते. हाताला ते बसायला सहा महिने लागतात. म्हणून आम्ही पैसाही हातालाच शिकवायचे ठरविले. या कामी मला एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची साथ मिळाली. ते आमच्या मकरपुऱ्यातलेच. मुले त्यांना अण्णा म्हणतात. खेळ मी सुचवायचा आणि त्यातले गणित अण्णांनी तपासायचे, अशी आमची वाटणी आहे.

पहिला खेळ सोळा चिंचोक्यांचा. रुपयाचे सोळा आणे होते तो काळ १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा संपला. 'सोळा आणे खरे' एवढा शब्दप्रयोग मागे राहिला. पण सोळा ही संख्या वाटणीला फार सोयीची. महिन्याला आठ हजार रुपये हाती येत असतील तर एक चिंचोका पाचशेचा. समोर वाट्या मांडतो: खोली, खानावळ, प्रवास, पुस्तके, मौज, घरी पाठवायचे, शिल्लक. एक विद्यार्थी तबल्यावर विलंबित ठेका धरतो आणि ज्याची पाळी असेल त्याने मात्रेमात्रेला एकेक चिंचोका वाटीत टाकायचा. खालीच्या चार मात्रांपैकी निदान दोन शिलकीच्या वाटीत गेल्या पाहिजेत, हा नियम. खाली म्हणजे काही नसणे नव्हे. तेथे हात उघडा ठेवतात म्हणूनच समेचे वजन कळते. शिलकीचेही तसेच आहे. मधूनच कोणीतरी चिठ्ठी उचलून वाचतो: दुचाकीचे चाक फुटले, ताप आला, मित्राचा वाढदिवस आहे. त्याप्रमाणे चिंचोका काढून द्यावा लागतो. सम येण्याआधी ज्याचे चिंचोके संपले त्याने शेजाऱ्याकडून उसना घ्यायचा आणि पुढच्या आवर्तनात तो परत देताना वर अर्धा फोडलेला चिंचोका व्याज म्हणून द्यायचा. व्याज जबर ठेवले आहे ते मुद्दाम. तिसऱ्या आवर्तनापर्यंत एखाद्यापुढे फोडलेल्या चिंचोक्यांचीच देणी साचतात आणि सगळा वर्ग हसतो. हसताना काय शिकले ते त्यांना घरी गेल्यावर कळते.

दुसरा खेळ भिशीचा. भिशी आपल्या बायकांना नवी नाही. हळदीकुंकवाइतकीच ती रुळलेली आहे. दहा जण, दर आठवड्याला प्रत्येकी शंभराची कागदी नोट, दर आठवड्याला चिठ्ठी काढून एकाला हजार. दहा आठवडे एका बैठकीत उरकतो. मग अण्णा विचारतात, "पहिल्याला काय मिळाले आणि दहाव्याला काय?" मुलांच्या लक्षात येते की पहिल्याने शंभर भरून नऊशे बिनव्याजी उचलले, आणि दहाव्याने नऊ आठवडे थांबून फक्त स्वतःचेच पैसे परत घेतले. मग तोच खेळ बोलीने खेळतो. ज्याला घाई तो हजाराऐवजी आठशे घ्यायला तयार होतो आणि उरलेले दोनशे दहा जणांत वीस-वीस वाटले जातात. घाई विकत घ्यावी लागते आणि धीराला भाडे मिळते, हे व्याजाचे सारे शास्त्र. शेवटी मी एकाच्या कानात हळूच सांगतो की पैसे उचलल्यावर तू पुढचे हप्ते देऊ नकोस. नोटा कागदाच्या असूनही तेव्हा जो संताप उसळतो तो अगदी खरा असतो. त्या संतापाच्या भरातच अण्णा सांगतात की अशा व्यवहारासाठी १९८२ चा चिट फंड कायदा आहे, नोंदणी म्हणजे काय, आणि 'आठवड्यात दामदुप्पट' म्हणणाऱ्यापासून दूर का राहावे.

तिसरी सापशिडी. हा खेळ मुळात शिकविण्यासाठीच होता. आपल्याकडे त्याला मोक्षपट म्हणत आणि परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. पश्चिमेकडेही असेच झाले. आपली मुले ज्याला 'व्यापार' म्हणून खेळतात त्या खेळाचे मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात आहे. जमीनदारीने पैसा एकाच हाती कसा साचतो हे लोकांना कळावे म्हणून त्यांनी तो रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे लोकांनी शिकवण विसरून नेमके साचविण्याचेच सुख उचलले, हा भाग वेगळा. आमच्या पटावर शिड्यांना आणि सापांना आकडे आहेत. दहा हजार रुपये वर्षाला सहा टक्क्यांनी ठेवले तर दुप्पट व्हायला सुमारे बारा वर्षे. तेच दहा हजार महिन्याला तीन टक्क्यांनी घेतले आणि फेडलेच नाहीत, तर दोन वर्षांत वीस हजारांच्या वर जातात. 'फक्त तीन टक्के' हा शब्द कानाला किती मऊ लागतो! बहात्तर या आकड्याला व्याजाच्या दराने भागले की दुप्पट व्हायला किती काळ लागेल ते अंदाजाने कळते, ही युक्ती मुलांना फार आवडते. ज्या मुलाचे वर्ष गेले तो पुढच्या वर्षी परत आला. हा पट त्याने मोठ्या पुठ्ठ्यावर रंगविला आहे. सर्वांत लांब सापाच्या पोटावर त्याने मोबाइल काढला. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही.

चौथा प्रयोग खऱ्या पैशाचा. गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात आठ मुलांनी मिळून दोन संध्याकाळ सेव-उसळीचे दुकान मांडले. चाळीस रुपयांची एक, अशा एकशेवीस बश्या खपल्या, गल्ला अठ्ठेचाळीसशे. वाटाणे, शेव, पाव, मसाला यांचे एकतीसशे वजा जाता सतराशे नफा, म्हणून मुले नाचू लागली. अण्णांनी वही मागविली. गॅस, भाड्याची भांडी, बश्या, रिक्षा, यांचे साडेअकराशे कोणी लिहिलेच नव्हते. उरले साडेपाचशे. आठ जणांचे दोन संध्याकाळचे पाच-पाच तास, म्हणजे ऐंशी तास. तासाला सात रुपयेही पडले नाहीत. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आम्ही आमची मेहनत फुकट वाटली!" पुढच्या वर्षी भांडी घरोघरून आली आणि पहिल्याच पानावर न दिसणाऱ्या खर्चाचा रकाना आखला गेला. रस्त्यावरच्या सेव-उसळवाल्याविषयीही मुलांचा आदर वाढला, तो निराळाच नफा.

हे नवीन काही नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या विद्यापीठात १९५० पासून गृहविज्ञानाची शाखा आहे आणि घराची व्यवस्था हा तेथे रीतसर अभ्यासाचा विषय. देशातल्या अनेक गृहविज्ञान महाविद्यालयांत विद्यार्थिनींनी काही दिवस एका घरात एकत्र राहायचे, पाळीपाळीने स्वयंपाक, खरेदी, हिशेब सांभाळायचा आणि ठरलेल्या रकमेत घर चालवायचे, अशी पद्धत होती. लोक तिला 'मुलींचे शिक्षण' म्हणून हसले. माझ्या मते तेच शिक्षण मुलांनाही सक्तीचे केले असते तर पुष्कळ घरे वाचली असती. अलीकडे रिझर्व्ह बँकही दरवर्षी आर्थिक साक्षरतेचा सप्ताह पाळते, आणि २०२४ मध्ये, स्वतःच्या नव्वदाव्या वर्षानिमित्त, तिने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर प्रश्नमंजूषा घेतली. चांगलेच आहे. पण प्रश्नमंजूषेत उत्तर माहीत असणारा जिंकतो. महिन्याच्या पंचवीस तारखेला मात्र उत्तर माहीत असून भागत नाही.

आमच्या उद्योगावर आक्षेप आले नाहीत असे नाही. एका वयोवृद्ध शिक्षकांनी मला स्पष्टच विचारले, "लक्ष्मीचा खेळ मांडता, हे शोभते का?" मी म्हटले, "सरस्वतीचा तर रोजच मांडतो. पलटे म्हणजे दुसरे काय?" ते हसले, पण त्यांच्या म्हणण्यात अर्थ होता. खेळात हरलेल्याला घरी जाऊन जेवायला मिळते. खऱ्या व्यवहारात हरलेल्याची रात्र वेगळी असते. ती रात्र कोणताही खेळ शिकवू शकत नाही आणि शिकवू नये.

याहून मोठा आक्षेप एका मुलीने घेतला, आणि तोही चिंचोके हातात धरून. ती खोलीवर राहणारी. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवण्या. तिने सोळाचे सोळा चिंचोके खोली, खानावळ, प्रवास आणि घर या चार वाट्यांत टाकले आणि शांतपणे म्हणाली, "सर, मी खाली कुठून आणू?" तबला थांबला. बचतीचा उपदेश करणाऱ्याने हा प्रश्न एकदा तरी ऐकला पाहिजे. ज्याच्याकडे पुरेसे नाही त्याला 'नीट वापर' म्हणणे ही क्रूरता आहे. उत्तर मी दिले नाही. ते सतरंजीवरच्या मुलांनी शोधले. एकाने विचारले की शिकवणीचे किती घेतेस. तिने सांगितलेला आकडा ऐकून दुसरी म्हणाली की आमच्या सोसायटीत याच्या दुप्पट देतात. तिसऱ्याने सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज तिने भरला आहे का ते विचारले, भरला नव्हता. पुढच्या आठवड्यात चौघे मिळून तो अर्ज भरायला बसले. त्या मुलीचे दैन्य सरले असे मी म्हणणार नाही. पण तोवर जी गोष्ट ती एकटीने अंधारात मोजीत होती, ती चारचौघांत उजेडात आली. पैशाविषयी मोकळेपणाने बोलण्याचा हा लाभ माझ्या लेखी सर्व खेळांहून मोठा आहे. हे बोलणे श्रीमंत घरच्या मुलांनाही तितकेच उपयोगी पडले. सोळा चिंचोके सर्वांचे सारख्या वजनाचे नसतात, हे त्यांनी प्रथमच पाहिले.

आणखी एक प्रसंग सांगतो. २०१६ मध्ये मोबाइलवरून क्षणात पैसे पाठविण्याची सोय आली आणि पैसा दिसेनासा झाला. नोट मोडताना हात अडखळतो. बोटाने टिचकी मारताना अडखळत नाही. त्याचबरोबर भामट्यांचेही फावले. म्हणून कोजागिरीला मुलांनी एक छोटे प्रहसन बसविले. एक मुलगा पोलिसाचा वेष करून मोबाइलच्या पडद्यावर अवतरतो. "आजोबा, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कोणाशी बोलू नका, पैसे या खात्यात भरा" म्हणतो. आणि नात येऊन त्याचे बिंग फोडते. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही; पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही; फसगत झाली तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे; एवढे तीनच धडे. प्रेक्षकांत बरीच वडीलधारी मंडळी होती. मसाला दूध वाटताना एक काका माझ्याजवळ आले आणि मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मला परवा असाच फोन आला होता. सोमवारी ठेव मोडायला जाणार होतो. घरी कोणाला बोललो नाही, लाज वाटली." चाळीस वर्षे नोकरी केलेला सुशिक्षित माणूस. त्यांना भामट्याने जितके घेरले होते त्याहून अधिक त्या लाजेने घेरले होते. त्या रात्री त्यांच्या मुलाला मी घरी पोहोचविण्यासाठी म्हणून बोलावून घेतले आणि काकांनीच त्याला सारे सांगितले. ठेव वाचली.

तेव्हा वाचकहो, विशेषतः जुन्या घराण्यांतील वडीलधारी मंडळींना माझी एक विनंती आहे. आपल्या घरांत चांदीची भांडी, दिवाणखान्यातील तसबिरी, पूर्वजांच्या सनदा जपून ठेवलेल्या असतात. त्यांबरोबर घरचा जमाखर्चही मुलांना दाखवा. येत्या दिवाळीत वहीपूजन होईल. वहीवर कुंकवाची बोटे उमटवून ती नुसती कपाटात ठेवू नका. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि एक महिनाभर घरचे सगळे बिल, वाण्यापासून विजेपर्यंत, त्यांच्या हातून लिहवा. घरावर कर्ज असेल तर ते सांगा. लग्नकार्यात किती गेले तेही सांगा. मुलाने काही वेडेवाकडे कर्ज काढले असेल तर ते ऐकताना आधी आवाज चढवू नका. आवाज चढला की वही मिटते आणि मग ती परत उघडत नाही.

गाण्यात आम्ही शिष्याला सांगतो, तान कितीही मोठी घे, पण सम कुठे आहे हे विसरू नको. तरुणांनी मौज करू नये असे मी कधीच म्हणणार नाही. मौज नसलेल्या तरुणाला गाणे काय शिकवायचे? त्यांनी तान घ्यावी. फक्त आपण कोणत्या मात्रेवर आहोत हे त्यांना ठाऊक असावे, आणि ते ठाऊक करून देणारे माणूस घरातच असावे. तेवढे झाले तर आमच्या सतरंजीवरचे चिंचोके मी आनंदाने पोरांना सारीपाटासाठी देऊन टाकीन.